मदत हवी आहे: बाबांना घेऊन किनाऱ्यालगतच्या मासेमारीला जायचंय, बोट ठरवताना काय काय विचारू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही पाच दिवसांसाठी एका बेटावर जातोय. मी, नवरा, १० वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाकीचे दिवस कसे घालवायचे ते तिथे गेल्यावर ठरेल. एक सकाळ मात्र मला बाबांसाठी राखून ठेवायची आहे, आणि ती नीट पार पडावी म्हणून हा धागा.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. तरुणपणी बांबूची काठी आणि गळ घेऊन तासन् तास नदीवर बसणारा माणूस. सहल ठरल्यापासून रोज संध्याकाळी खुर्चीच्या हाताला नायलॉनची दोरी बांधून गाठींचा सराव चाललेला असतो. गाठ आवळण्याआधी ओठांत धरून ओली करतात, मग हलक्या हाताने ओढतात. कोरडी ओढली तर घासून दोरी तापते आणि मासा लागला की नेमकी तिथेच तुटते, हे त्यांनी परवा नातीला शिकवलं. आता तीही शेजारी बसून गाठी मारते.

सव्वा वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चालतात छान, कठडा धरून जिनाही चढतात. पण उडी मारणं, उकिडवं बसणं, हलत्या जागेवर उभं राहणं जमत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आणि लेकीला गाडी लागते, त्यामुळे बोटही लागणार असं मी धरूनच चालले आहे.

आधीचा अनुभव सांगते, म्हणजे मी एवढी खोदून का विचारतेय ते कळेल. तीन वर्षांपूर्वी, गुडघा धड असताना, दुसऱ्या एका बेटावर आम्ही मध्यस्थामार्फत बोट ठरवली होती. ‘किनाऱ्याजवळच’ आणि ‘चार तास’, एवढंच बोलणं झालं होतं. प्रत्यक्षात बोटीवर आमच्याखेरीज आठ अनोळखी माणसं, डोक्यावर सावली नाही, आणि सव्वा तास नुसतं बाहेर बाहेर जाणं. किनारा दिसेनासा झाला. तिथे नांगर टाकला आणि बोट जी डुलायला लागली, मी आडवीच झाले. बाबांच्या हातात गळ आला तो जेमतेम २० मिनिटं. सगळ्यात वाईट परतल्यावर झालं. सकाळी धक्क्यावरून बोटीत जाताना एक पाऊल टाकलं की काम झालं होतं, दुपारी तीच बोट धक्क्यापासून छातीइतकी खाली. शिडी नाही. दोघांनी बाबांना दंडाला धरून वर ओढलं. खांदा महिनाभर दुखत होता. ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यानंतर समुद्राचा विषयही त्यांनी कधी काढला नाही. या वेळी तो मी काढला आहे.

म्हणून अनुभवी लोकांना विचारते. ‘किनाऱ्यालगत’ म्हणजे नेमकं किती, हे आधी कसं पक्कं करून घ्यायचं? पूर्ण बोट घ्यावी की इतरांबरोबर वाटून घेतली तरी चालेल? कप्तानाशी फोनवर बोलताना काय विचारलं तर माणूस कसा आहे ते कळतं? हवा बिघडली तर आगाऊ दिलेल्या पैशांचं काय? आणि सगळ्यात मुख्य, बाबांची चढ-उतार. दिवस अजून ठरवलेला नाही, पाचपैकी कोणताही चालेल.

प्रतिसाद १

गाठ ओली करण्याचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. बाबांना नमस्कार सांगा.

चढ-उतारीचं आधी बोलू. सकाळी एक पाऊल आणि दुपारी छातीइतकं खाली, ती ओहोटी होती. धक्का पक्का बांधलेला, तो जागेवरच राहिला. बोट पाण्याबरोबर खाली गेली. त्यामुळे कुठल्याही बोटवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: धक्का पक्का आहे की तरंगता? तरंगता धक्का बोटीबरोबरच वर-खाली होतो, पाऊल दिवसभर तेवढंच राहतं. फक्त किनाऱ्यावरून त्या धक्क्यावर उतरणारा पूल ओहोटीला चांगलाच उताराचा होतो, त्याला कठडा आहे ना ते बघा.

पक्काच धक्का असला तरी मार्ग आहे. तुमचे चार तास भरतीच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटा. पूर्ण भरती १० वाजता असेल तर ८ ला निघा, १२ ला परत या. दोन्ही वेळा पाणी जवळपास त्याच उंचीवर असतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. समुद्रावरच्या लोकांचा ठोकताळा असा की एकूण फरकाचे बारा भाग धरायचे: पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे भरतीनंतर दोन तासांत पाव फरक जातो आणि चार तासांत पाऊण. तुम्ही त्या वेळी बहुधा ऐन भरतीला निघालात आणि पाऊण पाणी उतरल्यावर परतलात. सगळा फरक बाबांच्या खांद्यावर आला.

आता दिवस. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पाच दिवसांत तुम्हाला निवडायला चांगला वाव आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, फरक मोठा आणि ओढही जोराची. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा फरक कमी असलेली, तुमच्यासाठी बरी. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, म्हणून हे सगळं त्या बेटाचं भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवूनच ठरवा.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. मासा चालत्या पाण्यात आमिष जास्त घेतो. ऐन भरतीला ओढ थांबली की मधे थोडा वेळ कुणाच्याच गळाला हालचाल होत नाही. कप्तान दुसरी वेळ सुचवेल, कारण त्याला तुम्हाला मासे दाखवायचे असतात. त्याला गुडघ्याचं सांगा. चांगला कप्तान लगेच ऐकतो.

प्रतिसाद २

ताई, ‘किनाऱ्यालगत’ हा शब्द प्रत्येकजण आपापल्या सोयीने वापरतो. अंतर विचारू नका, मिनिटं विचारा: ‘धक्का सोडल्यापासून पहिला गळ पाण्यात पडेपर्यंत किती मिनिटं?’ उत्तर २०-३० मिनिटं आलं आणि किनारा सतत दिसत राहणार असेल तर तुम्हाला हवी ती सहल आहे. जोडीला तिथली खोली विचारा. नेहमी जाणारा माणूस न अडखळता सांगतो.

पूर्ण बोटच घ्या, यात काटकसर नको. वाटून घेतलेल्या बोटीवर लेकीला बोट लागली तर इतरांच्या सहलीसाठी तिला तसंच बसावं लागेल. स्वतःची बोट असेल तर ‘परत फिरा’ म्हणता येतं. आणि बोलणं बोटीवर प्रत्यक्ष असणाऱ्या माणसाशीच करा. मध्यस्थाला सांगितलेला गुडघा कप्तानापर्यंत पोहोचत नाही, हे तुम्ही एकदा पाहिलंच आहे.

माणूस ओळखायला माझा एकच प्रश्न असतो: ‘किती वाऱ्याला तुम्ही बोट बाहेर काढत नाही?’ जो आकडा सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. १५ नॉट्स, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर, हा छोट्या बोटीला आणि नवख्या माणसांना पुरेसा त्रास देणारा वारा. ‘आमची सहल कधीच रद्द होत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे मी जात नाही. अंदाजात लाटेची उंची दिसते ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येते. दोन लाटांमधले सेकंदही बघा. एक मीटरची लाट दहा सेकंदांनी आली तर बोट हळूच वर-खाली होते, तीच चार सेकंदांनी आली तर हाडं खिळखिळी होतात. वारा आणि पाण्याची ओढ समोरासमोर असतील तर तोच समुद्र आणखी उभा राहतो.

पैशांबद्दल लेखी घ्या. हवेमुळे कप्तानाने रद्द केलं तर पूर्ण परत की दुसरा दिवस, आणि ते कधीपर्यंत कळवणार. सहल शेवटच्या दिवसावर ढकलू नका, मागे एक-दोन दिवस मोकळे राहू द्या.

लेकीसाठी: कानाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना ती दिसत नाही, या गोंधळातून बोट लागते. तिला मध्यभागी किंवा जरा मागे बसवा, पुढे नको, तिथे सगळ्यात जास्त उसळतं. इंजिनाच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर, मोबाइल पिशवीत. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यायची असते, एकदा मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मुलांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या, काही गोळ्यांनी झोप येते. नांगरावरची किंवा वाहत सोडलेली बोट जास्त डुलते, तिला त्रास व्हायला लागला तर कप्तानाला सांगा, बोट हळू चालवत मागे दोरी सोडूनही मासेमारी होते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ओहोटीचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. शिडी न ठेवणं ही त्या बोटवाल्यांची चूक होतीच, पण परतताना पाणी कुठे असेल हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

कोष्टक काढलं. भरती दुसऱ्या दिवशी ८:१० ला, तिसऱ्या दिवशी ९ ला, चौथ्या दिवशी ९:५० ला. भांगाचेच दिवस आहेत. तिसरा दिवस धरला तर ७ ला निघून ११ ला परत, ऊन चढायच्या आत, आणि मागे दोन दिवस मोकळे.

आता रक्ताच्या गोळीचं कुणी सांगू शकेल का? गळ हाताला लागला तर?

प्रतिसाद ३

डॉक्टरांना आधी विचारा, आणि गोळी मनाने बंद करू नका. बोटीवरचं मी सांगते. मासा गळावरून सोडवणं आणि आमिष लावणं ही दोन्ही कामं गाईडची, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाची, हे ठरवतानाच बोलून घ्या. बाबांना हातमोजे द्या. लागलंच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरायचं, मधे उघडून बघायचं नाही. काही माशांच्या काट्यांत विष असतं, त्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, हात बुडवून ठेवतात. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासायचं. थर्मासभर गरम पाणी बरोबर असू द्या. तरीही डॉक्टरांकडे जायचंच.

शक्य असेल तर वर्तुळाकार गळ वापरा असं सांगा. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो सहसा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, लहान मासा धडपणे परत सोडता येतो आणि माणसाच्या बोटातही सहज घुसत नाही. पण बाबांना एक सवय मोडावी लागेल! नदीवर हिसका मारायचा असतो. इथे हिसका मारला की गळ तोंडातून निघून येतो. दोरी ताणली गेली की नुसतं शांतपणे रीळ फिरवत राहायचं. हे घरीच सांगून ठेवा, बोटीवर त्या क्षणी कुणालाच आठवत नाही.

लेकीचं लाइफ जॅकेट तिच्या वजनाचं हवं, पायांमधून पट्टा असलेलं. घालून झालं की खांद्यांना धरून वर उचलून बघा, हनुवटीवर सरकलं तर ते तिचं नाही. बोटीवर रेडिओ आहे का आणि संकटासाठीच्या १६ नंबरच्या चॅनेलवर तो बोलता होतो का, हेही विचारा. मोबाइलच्या भरवशावर राहू नये. मासेमारीचा परवाना तुमच्यासाठीही लागू होतो का आणि किती आकाराचा मासा परत सोडायचा असतो, हे कप्तानाला माहीत असतंच, त्याच्याकडून ऐकून घ्या.

धागाकर्ती

बोट ठरली. कालच फोन झाला, म्हणून लिहून ठेवते.

तीन कप्तानांशी बोलले. एकाने गुडघ्याचं ऐकून ‘काही होत नाही हो, उचलून घेऊ’ म्हटलं. तिथेच थांबले, बाबांना पुन्हा कुणी उचललेलं मला नको आहे. दुसऱ्यांची बोट मोठी, पण वाटून. तिसऱ्यांनी माझे प्रश्न ऐकून घेतले: २५ मिनिटं, १२ ते १५ मीटर खोली, १४ नॉट्सच्या वर निघत नाही, आदल्या संध्याकाळी ६ पर्यंत कळवतो, रद्द केलं तर पैसे पूर्ण परत. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. लेकीचं वजन किती? बाबांचा कोणता गुडघा? घरातली जिन्याची पायरी किती उंच आहे, जी ते कठडा धरून चढतात?

पट्टी आणून मोजली. सात इंच.

ते म्हणाले, धक्का पक्का आहे, तुम्ही काढलेली ७ ते ११ ची वेळ बरोबर आहे, पण तरी पंधराएक इंचांचा फरक राहील. मधे एक घट्ट बसणारी पेटी ठेवतो, म्हणजे दोन पायऱ्या होतील. उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, आणि कठडा डाव्या हाताला येईल अशी बोट लावतो. पाठ टेकायची खुर्ची जागेवर बोल्टने बसवलेली आहे, शेजारी गळाची काठी रोवायची खोबण आहे. वर्तुळाकार गळच वापरतात.

बाबा आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. मला वाटलं झोपलेत. तिथूनच आवाज आला, ‘अगं, दोरी किती पौंडाची आहे विचार त्यांना.’

विचारलं. तीस पौंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. बाबांनी आज संध्याकाळी तेवढ्याच पौंडाची दोरी आणायला लावली आहे.