व्हॅनमध्ये मोठी मुलं त्रास देतात, काय करावं?

सिंहगडरोडची_आई: मुलगा दुसरीत आहे. वर्गात रमलाय, पण व्हॅनमध्ये पाचवीतली दोन मुलं त्याला मागच्या सीटवर दाबून बसवतात, त्याची टोपी खिडकीबाहेर धरून 'सोडू का?' म्हणत रडवतात. हल्ली शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी अजिबात नाही. सासरे म्हणतात, 'तूही एक ठेवून दे म्हणावं.' मला पटत नाही. व्हॅन बदलू का?

कर्वेनगरकर: 'ठेवून दे' नकोच. सात वर्षांचं पोर दहा वर्षांच्या मुलावर धावून गेलं तर मारही तेच खाणार आणि बोलणीही. 'मग तू काय केलंस?' असंही विचारू नका, आपलंच चुकलं असं त्याला वाटतं. 'बरं झालं सांगितलंस' म्हणा आणि बोलू द्या. त्या मुलांच्या आईवडिलांना गेटवर गाठू नका, भांडण मोठ्यांचं होतं आणि राग निघतो पोरावर.

दोन_मुलींची_आई: व्हॅन लगेच बदलू नका. काकांना सांगून त्याला पुढे, त्यांच्या जवळ बसवा. आणि घरी खेळ म्हणून सराव करा. तुम्ही ती मोठी मुलं व्हा, टोपी पळवा. त्याने मान वर करून, खणखणीत आवाजात, एकदाच म्हणायचं, 'माझी टोपी दे.' नाही दिली तर विनवण्या करायच्या नाहीत, सरळ काकांना हाक मारायची. धाकटी आधी पुटपुटायची, मग मलाच दचकवायला लागली! काकांना सांगणं म्हणजे चुगली नाही, हे मात्र त्याला पुन्हा पुन्हा सांगा.

निवृत्त_शिक्षिका: शाळेला लेखी कळवाच. तारीख, काय झालं, कोणासमोर, एवढंच लिहा. 'व्हॅन आमची नाही' असं उत्तर आलं तर शालेय परिवहन समितीकडे अर्ज करा. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार मुलांची ने-आण सुरक्षित होतेय ना, हे बघायला प्रत्येक शाळेत ही समिती लागते आणि मुख्याध्यापकच तिचे अध्यक्ष असतात. मारहाण होत असेल आणि कुणी दाद देत नसेल, तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन मोफत आणि चोवीस तास. पोटदुखी थांबली नाही तर डॉक्टरांनाही दाखवा.

सिंहगडरोडची_आई: खूप आधार वाटला. काकांशी उद्याच बोलते. अर्ज मराठीत चालेल ना?

निवृत्त_शिक्षिका: चालेल की. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या.