'सुटलीस एकदाची!' नसबंदीनंतर बाई खरंच सुटते का?

मधुमालती: दुसऱ्या सिझेरियनलाच माझं ऑपरेशन उरकलं. वय २६. सही घेतली तेव्हा कळा चालू होत्या. कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं भान कुणाला? तिसरं मूल मलाही नकोच होतं. तरी बाळाचे आखूड झालेले कपडे वर्षभर कुणाला देववेनात. नको असणं वेगळं आणि आता शक्यच नसणं वेगळं. कळा देणाऱ्या बाईची सही घेऊच नये, असं माझं मत.

निशिगंध: नाही पटलं. मी पस्तिशीत स्वतःहून करून घेतलं. तारीख दोन दिवस पुढे गेली की पोटात गोळा यायचा, तो कायमचा गेला. अंडाशयांना कुणी हात लावत नाही, बंद होतात त्या बीजनलिका. पाळी तीच, हार्मोन्स तेच. मग उदासीचं खापर ऑपरेशनवर का? बाळंतपणानंतर तशीही येते ती.

खडीसाखर: वयाचा मुद्दा सोडू नका. अमेरिकेत १९७८ ते १९८७ दरम्यान ऑपरेशन झालेल्या दहा हजारांवर बायकांची पाहणी झाली. तिशीपर्यंत केलेल्यांत १४ वर्षांच्या आत पस्तावा २०.३ टक्के, तिशीनंतर केलेल्यांत ५.९.

निशिगंध: म्हणजे पाचांतल्या चार तरुणी खूश! ते का नाही सांगत?

खडीसाखर: कारण पाचवी गप्प बसते.

ओसरी: मनाचं राहू दे, घरचं बोला. माझ्या मावसबहिणीचं ऑपरेशन फसलं, दिवस राहिले. त्याच पाहणीत दहा वर्षांत हजारी १८-१९ जणींचं असं झालं होतं. पण घरात पहिला प्रश्न आला, 'कुणाचं?' डॉक्टरांनी समजावल्यावर नवरा गप्प झाला, सासू नाही. गंमत म्हणजे त्याची नसबंदी जास्त सोपी. पोट उघडावं लागत नाही, जागा बधिर केली की भागतं. 'त्याला जड कामं असतात' म्हणे. हिला काय हलकी होती?

निशिगंध: हा दोष संशयी नवऱ्याचा. ऑपरेशन नसतं तरी त्यानं काहीतरी शोधलंच असतं.

मधुमालती: शोधलं असतं. पण ऑपरेशननं त्याला आयतं कारण दिलं ना?

निशिगंध: असेल. कपड्यांचं मात्र कळलं. माझ्याही माळ्यावर एक पिशवी आहे अजून. पण त्याचा ऑपरेशनशी काही संबंध नाही हं.