लाइन : तुम्ही कुठल्या लाइनला?

परवा दादरला एका लग्नात बुफेच्या लाइनीत प्लेट घेऊन उभा होतो, पुढचे एक काका मागे वळून म्हणाले, "तुम्ही कुठल्या लाइनला?" मी म्हटलं, "सेंट्रल. डोंबिवली." काका दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. "अहो तसं नव्हे हो, काम कुठल्या लाइनमधलं? आमची सुताची लाइन, मुळजी जेठा मार्केटात गाळा होता." मग पनीर येईपर्यंत सुताच्या भावावर गप्पा झाल्या. घरी येताना ट्रेनमध्ये डोक्यात आलं की एका मिनिटात आम्ही रांग, रेल्वे आणि धंदा अशा तीन अर्थांनी लाइन वापरली आणि वरमाई सोडून कोणाचंच काही बिघडलं नाही (वरमाईला वाटत होतं की आमच्यामुळे लाइन अडलीय, ते खरंही होतं).

तेव्हापासून हा शब्द सुटत नाहीये म्हणून इथे टाकतोय. तुमच्याकडे काय काय बोलतात ते सांगा.

आपल्याकडे बघा, वहीत ओळ असते, रेशनला रांग लागते, पाटीवर रेघ मारतात, भूमितीत रेषा काढतात, तळहातावरही रेषाच, विजेची तार, कपडे वाळत घालायची दोरी, पेशा तो वेगळाच. इंग्रजी या सगळ्याला लाइन म्हणून मोकळी होते. वर आणखी जहाजावरचा दोर लाइन, मासे पकडायच्या गळाची दोरी लाइन, विमान कंपनी लाइन, नटाने पाठ करायचं तेही लाइन्स. आमच्या एकांकिकावाल्यांना मी कधी लाइन्स म्हणताना ऐकलं नाही बरं का, ते अजून "वाक्यं झाली का पाठ?" असंच विचारतात. खलाशी तर विषुववृत्तालाही नुसतं द लाइन म्हणायचे, आणि ती पहिल्यांदा ओलांडणाऱ्या नवख्याला बादल्यांनी भिजवायचे, सोंगं वगैरे आणायचे. आणि साहेब निरोप घेताना सांगतो की मला एक लाइन टाक, आपण म्हणतो खुशालीच्या चार ओळी लिही. तीन ओळी आपल्या जास्तीच्या, ते एक बरं.

पण गंमत पुढे आहे. हा शब्द मुळात आला कुठून हे शोधलं तर लॅटिनमध्ये लिनुम म्हणजे अळशी, आपलं जवस. त्याच झाडाच्या खोडापासून निघतो तो तागासारखा धागा, त्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याला म्हणायचे लिनेआ. लाइन म्हणजे मुळात जवसाचं सूत. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते, मग रेघेलाच दोऱ्याचं नाव पडलं, मग रेघेसारखं जे जे सरळ ते सगळं त्यात घुसलं, वहीतली ओळ काय, माणसांची रांग काय, घराण्याचा वंश काय. जवसाच्या बीचं तेल ते लिन्सीड ऑइल, शिवाजी पार्कात नवीन बॅट घेतलेली पोरं ते चोळत बसतात. लिनोलियम हेही त्यातलंच, लिनुम अधिक तेल. लॉन्जरीसुद्धा. म्हणजे जवसाची चटणी, बॅटचं तेल, फरशीवरचं लिनोलियम, आतले कपडे आणि हार्बर लाइन हे सगळे एकमेकांचे चुलत-मावस निघाले, आता काय बोलायचं.

आणि हे वाचल्यावर मला ते काका आठवले. "आमची सुताची लाइन." म्हणजे सुताचं सूत!

मला यात खरी मजा वाटली ती अशी की आपल्या सुतानेही हुबेहूब हाच प्रवास केलाय, फक्त जवसाऐवजी कापूस. सुतासारखा सरळ म्हणतो आपण, त्यात सूत म्हणजे रेघच की. सुतार हा शब्द सूत्रधारवरून आलाय, हातात दोरी धरून माप घेणारा. तो अजूनही रंगात बुडवलेली दोरी फळीवर ताणून टिचकी मारतो आणि सरळ रेघ उमटते, हे ज्यांनी लहानपणी घरी फर्निचर होताना बघितलंय त्यांना कळेल. पुढे सूत हे मापच झालं, इंचाचा आठवा भाग. मीटर-सेंटिमीटर येऊन इतकी वर्षं झाली तरी नागदेवी स्ट्रीटला जाऊन "तीन सूत" म्हणा, दुकानदार बरोबर तेच काढून देतो. विचार एका सुतात बांधले की ते सूत्र. दोघांचं जमलं की सूत जमलं. आणि आता तेच सूत जमायच्या आधी पोरं काय करतात, तर लाइन मारतात! ती बघून हसली तर लाइन दिली. म्हणजे एकाच कामाची सुरुवात लॅटिन दोऱ्याने आणि शेवट मराठी दोऱ्याने, आणि दोघांच्या मधे कुठेतरी मंगळसूत्र.

(एक मधेच सांगून ठेवतो, कारण कोणीतरी आणणारच. सूतोवाच मधलं सूत हे नाही. ते पुराणं सांगणारे सूत, "सूत उवाच" म्हणून कथा सुरू व्हायची त्यावरून आलंय. दोऱ्याशी संबंध नाही. तसंच गवंड्याच्या ओळंब्याचं, ऐकायला ओळीतून आल्यासारखं वाटतं पण ते अवलंब, म्हणजे लोंबणं, त्यातलं.)

गवंड्यावरून आठवलं, आमच्या समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, तिथला मिस्त्री सकाळी सकाळी वरून ओरडतो, "ए, लाइनदोरी लाव रे!" दोन खिळ्यांना ताणून बांधलेली ती दोरी, विटा तिच्या धारेला लागतात. लाइन म्हणजे दोरी आणि दोरी म्हणजे दोरी. बिचाऱ्याला माहीत नाही पण त्याने शब्द फिरवून पुन्हा त्याच्या घरी नेऊन सोडलाय, मला तर लाइनचा मुंबईतला सगळ्यात अस्सल वापर हाच वाटतो.

मुंबईत अर्थात लाइन म्हटलं की आधी रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर, आणि तेव्हापासून या शहरात माणूस लाइनवरून ओळखतात. स्थळ बघताना सुद्धा, "मुलगा चांगला आहे पण वेस्टर्नचा आहे" हे मी स्वतः ऐकलंय, म्हणजे काय दोष आहे ते कोणी सांगत नाही. पेपरवाले आता नेमाने मार्गिका लिहितात. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली असं छापून आलं आणि वाचून डब्यात सगळे म्हणाले पाचवी-सहावी लाइन चालू झाली. मार्गिका वाईट शब्द नाही, पण तो अनाउन्समेंटमधेच शोभतो. "लाइन क्लिअर" हेही रेल्वेचं. पुढचा सेक्शन रिकामा आहे, गाडी सोडा, अशी पुढच्या स्टेशनने मागच्याला दिलेली परवानगी. आज ते सिग्नलपेक्षा लग्नाच्या बोलण्यांत जास्त ऐकू येतं, थोरलीचं झालं, आता धाकटीची लाइन क्लिअर.

मग मरीन लाइन्स. अनेकांना वाटतं की तिथून रेल्वे लाइन जाते म्हणून लाइन्स. तसं नाही. लष्करात सैनिकांच्या ओळीने बांधलेल्या वस्तीला लाइन्स म्हणायचे, तिथे मरीन बटालियनच्या लाइन्स होत्या. तीच पोलीस लाइन, तीच नागपूरची सिव्हिल लाइन्स (तिथे सैनिकांऐवजी साहेबांचे बंगले). पोलीस लाइनीत वाढलेली मुलं स्वतःला लाइनबॉय म्हणवतात, आणि त्यात एक ऐट असते.

आणखी एक लाइन मला फार आवडते, ती पेपरची. पहाटे पोरगा पेपर टाकतो त्याच्या ठरलेल्या इमारतींची जी साखळी ती त्याची लाइन. दुधाचीही तशीच. दहावीला असताना मी दोन महिने एक पेपरची लाइन टाकलीय, चार माळे, लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या माळ्यावर एक कुत्रा. त्या अर्थाला मराठीत दुसरा शब्द मला अजून मिळालेला नाही, फेरी म्हणावं तर फेरीत मालकी येत नाही. लाइन विकतात, घेतात, भावाला देतात.

गावाकडे आणखी वेगळंच. विदर्भातल्या मित्राने फोनवर "लाइन गेली" म्हटलं तेव्हा मला वाटलं नेटवर्क गेलं, तर त्याची वीज गेलेली. आपण इथे म्हणतो लाइट गेली. हे पण चूकच म्हणा, पंखा बंद पडला तरी लाइटच जाते.

आता व्याकरणाचा एक किडा. लाइन मराठीत बाई आहे, कारण ओळ, रांग, रेघ, रेषा सगळ्या बायकाच, त्यांच्यात ती बसली. पण नीट कान देऊन ऐका, आपण "लाइनीत उभा रहा" म्हणतो, "पोरगं लाइनीवर आलं" म्हणतो, टेलिफोनच्या लाइनी म्हणतो, पण "वेस्टर्न लाइनीला राहतो" मी कोणाकडून ऐकलेलं नाही, तिथे लाइनलाच. धंद्याचंही तसंच, "पिक्चरच्या लाइनमध्ये आहे". म्हणजे रांगेतली लाइन घरची झाली, तिला आपला प्रत्यय आणि आपलं सामान्यरूप मिळालं, रेल्वेची अजून पाहुणीच. का ते माहितगारांनी सांगावं. मला आपलं वाटतं की रांगेच्या जागी बसल्यामुळे ती रांगेसारखी चालायला लागली, रेल्वेच्या लाइनला घरात कोणी थोरली जाऊच नव्हती जिचं बघून शिकावं.

रांगेला साहेब स्वतः क्यू म्हणतो, लाइन नाही. स्टँड इन लाइन हे अमेरिकन. क्यूचा मूळ अर्थ फ्रेंचमध्ये शेपूट. आपणही लांबलेल्या रांगेला मारुतीचं शेपूट म्हणतोच, म्हणजे शेपटाच्या बाबतीत आपलं आणि फ्रेंचांचं एकमत. डेडलाइनची गोष्ट मात्र भयानक आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ असायची, ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा, ती डेडलाइन. मी ही गोष्ट ऑफिसात सांगितली तर मॅनेजर म्हणाला, चांगली माहिती आहे, फाइल पाचला पाठव.

शेवटचं एक, यात मला निकाल हवाय. लायनिंग म्हणजे इंग्रजीत अस्तर, कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून ते नाव. पण आपल्याकडे "लायनिंगचा शर्ट" म्हणजे रेघारेघांचा, पट्ट्यापट्ट्यांचा. आणि "लायनिंगचा ब्लाउज" म्हणजे अस्तराचा. शर्टाला एक अर्थ, ब्लाउजला दुसरा, दोन्ही एकाच टेलरच्या दुकानात. बायकोला विचारलं की घोटाळा होत नाही का, तर म्हणाली, होत नाही. मग मी मुद्दाम विचारलं की रेघारेघांच्या कापडाचा अस्तर लावलेला ब्लाउज असेल तर टेलरला काय सांगशील? ती जरा थांबली आणि म्हणाली, "त्याला सांगीन, तसलाच शिव, मागच्या वेळसारखा."