दोन दिवसांचं कोल्हापूर, त्यातला अर्धा दिवस चप्पल लाईनमध्ये: तुम्हाला पटतं का?

खडाष्टक

गेल्या महिन्यात आम्ही सहा जण कोल्हापूरला जाऊन आलो. कॉलेजचा ग्रुप. सहाही जणांच्या सुट्ट्या एकत्र जुळायला पाच वर्षं लागली. शुक्रवारी रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस, रविवारी रात्री तीच गाडी परतीला. हातात दोन दिवस. मी आपला हौसेनं कागदावर आराखडा केला होता: अंबाबाई, न्यू पॅलेस, टाऊन हॉलचं संग्रहालय, रंकाळा, आणि रविवार पूर्ण पन्हाळ्याला.

प्रत्यक्षात काय झालं? शनिवारी दर्शनाच्या रांगेत दोन तास गेले, त्याबद्दल तक्रार नाही. मिसळ खाल्ली. मग कुणीतरी म्हणालं, "जरा चपला बघून येऊ." साडेबाराला चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, शिरलो ते चार वाजता बाहेर आलो. एकूण अकरा जोड. त्यातले आमच्या स्वतःच्या पायांसाठी चार. बाकीचे सासरे, मेहुणी, सोसायटीचा सेक्रेटरी, ऑफिसातली शेजारीण यांच्यासाठी. एकीनं तर वर्तमानपत्रावर पेनानं काढलेला पायाचा आकार घडी घालून पर्समधून आणला होता. तो कागद दुकानभर फिरला. तिथून सोनारांची गुजरी, "फक्त बघायला". न्यू पॅलेसला पोहोचलो तेव्हा तिकीटखिडकी बंद.

रविवारी पन्हाळ्यावर जेमतेम पाऊण तास मिळाला, कारण "गूळ आणि चटणी राहिलीय". तीन दरवाजापाशी फोटो काढले, अंबरखान्याला गाडीतून नमस्कार केला आणि उतरलो.

माझं म्हणणं एवढंच: चप्पल दादरला मिळते, गूळ कुरिअरनं येतो. पन्हाळा येत नाही. छोट्या सहलीत खरेदीला शेवटच्या दिवशी फार तर दोन तास द्यावेत. ज्यांना जास्त हवे असतील त्यांनी वेगळं जावं. चुकतंय का माझं?

पायताण

कोल्हापूरचाच हाय, म्हणून बोलतो. तुमचं चुकतंय, आणि लय चुकतंय.

साडेतीन तास दुकानात बसला, म्हणजे बसला तरी नीट होता का? कोल्हापुरी चप्पल हातात घेऊन उलटी करून बघितली? चांगल्या जोडात खिळा नसतो. तळ, टाच, पट्टा, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, त्याला दिवसच्या दिवस जातात. वरची वेणी बहुतेक घरातल्या बायका विणतात, तळाचं जड काम पुरुष करतात. कापशी वेगळी, कानवाली वेगळी. करकर वाजणारा जोड घालून तालमीतला गडी गल्लीतनं निघाला की माणसं न बघता नाव सांगायची, ही माझ्या आज्याच्या तोंडची गोष्ट.

२०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडानं असल्याच चपला रॅम्पवर चालवल्या. कोल्हापूरचं नाव बी घेतलं न्हाय. बोंबाबोंब झाल्यावर मग कबूल केलं. तिकडचे लोक आमच्या चपलेसाठी एवढं करतात, आणि तुमी म्हणता अर्धा दिवस वाया गेला! राजवाडा हे कोल्हापूर, पन्हाळा हे कोल्हापूर, आणि चप्पल काय मग, बाटाचं शोरूम?

कंदी पेढा

पायताण, माहिती सोळा आणे खरी. पण त्यानं तुमचाच मुद्दा पडतो.

ही सगळी कारागिरी चप्पल लाईनमध्ये दिसते कुठे? तिथे काउंटर दिसतो, खोकी दिसतात आणि "ताई, हा घ्या, फिक्स रेट" ऐकू येतं. रापी-आरी, म्हणजे चामडं कापायची-टोचायची हत्यारं, चालताना बघायची तर सुभाषनगरच्या गल्ल्यांत जायला हवं. मी गेलोय. दारातच एक म्हातारे गृहस्थ मांडी घालून बसले होते. तळाचा चामडी तुकडा पाण्यातून काढून दगडावर ठेवायचा आणि ठोकायचा, परत फिरवायचा, परत ठोकायचा. अर्धा तास बघत बसलो. पलीकडे त्यांची सून बोटांना तेल लावून वेणी घालत होती, हाताकडे न बघता, माझ्याशी गप्पा मारत. एक रुपयाची खरेदी केली नाही आणि कोल्हापूर पाहिल्यासारखं वाटलं.

आणि २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो एकट्या कोल्हापूरला नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हे. दुकानातला बराच माल बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडून येतो. म्हणजे धागाकर्त्याच्या अकरा जोडांतले पाच-सहा कृष्णेपलीकडून आलेले असतील. त्यात वाईट काहीच नाही, तिथले कारागीरही पिढीजात आहेत. पण "चप्पल घेतली म्हणजे शहर पाहिलं" हे म्हणजे हापूस खाल्ला म्हणून रत्नागिरी पाहिली.

गूळपोळी

गूळ कुठून घेतलात? काळसर मिळाला की पिवळाधमक? पिवळाधमक असेल तर जरा बघून घ्या.

खडाष्टक

हेच! अगदी हेच मी म्हणतोय. किल्ल्याबद्दल एकानं विचारलं नाही.

चौथी सीट

नमस्कार. वर्तमानपत्रावर पायाचा आकार आणणारी ती मी.

एका मैत्रिणीनं हा धागा पाठवला. "पाऊण तास", "अंबरखान्याला गाडीतून नमस्कार" वाचल्याबरोबर कळलं कुणाचं लिखाण आहे. तर बाबा रे, थोडं तूही सांग ना लोकांना. रविवारी आठला निघायचं ठरलं होतं. आम्ही पाच जणं लॉजच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तू साडेनऊला खाली आलास, कारण शनिवारी रात्री पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या. मग नाश्ता. मग "मिसळ काल वेगळ्या ठिकाणी खाल्ली, आज दुसरी बघू". तिथल्या रांगेत चाळीस मिनिटं. चपलांचे तास घड्याळ लावून मोजलेस, मिसळीचे नाही.

आता तो कागद. तो आईच्या पायाचा होता. संधिवातानं तिचा उजवा अंगठा आत वळलाय. दुकानातली तयार चप्पल तिला बसत नाही, ऑनलाइन तर विसराच. गेली तीन वर्षं ती रबरी स्लिपर घालून लग्नाला जाते आणि पदर पुढे ओढून पाय झाकते. त्या दुकानातल्या काकांनी कागद फरशीवर पसरला, त्यावर जोड ठेवला, अंगठ्याची वादी उसवून अर्धा इंच बाजूला घेतली आणि पट्टा सैल करून परत शिवला. पाऊण तास लागला. पैसे जोडाचेच घेतले, दुरुस्तीचे नाहीत. म्हणाले, "आठवडाभर घरातल्या घरात घाला, मग बाहेर. पावसात नको." हे दादरला होत असेल तर मला पत्ता दे.

अकरा जोडांतला सेक्रेटरीचा जोड कुणी घेतला तेही सांगू का इथे?

सुटे पैसे

चौथी सीट, तुमच्या आईच्या चपलेला कोण हरकत घेणार? पण तो एक जोड झाला. बाकीच्या दहांचं काय?

मला या प्रकाराचा खरा राग आहे तो "येताना काय आणलंस" या वाक्याचा. माणूस कुठेही जाऊन येवो, परत आल्यावर बॅग उघडून हिशेब द्यायचा. म्हैसूरला गेलात तर चंदनाचा साबण, जयपूरला गेलात तर रजई, हैदराबादला गेलात तर लाखेच्या बांगड्या. ज्याला दिलं त्याच्याकडे ती वस्तू कपाटाच्या वर जाते आणि पुढच्या वर्षी तिसऱ्यालाच मिळते. मी स्वतः एकाला दिलेला शोभेचा हत्ती चार वर्षांनी माझ्याच घरी वास्तुशांतीला परत आला. सोंड तुटलेली होती म्हणून ओळखला, नाहीतर कळलंही नसतं.

मित्रांबरोबर जाताना आधीच ठरवावं: ऑफिस आणि सोसायटी यांच्यासाठी काही नाही. फार तर एक किलो गूळ फोडून वाटा. सहा जणांत मिळून निम्मा वेळ वाचतो.

ओंजळ

गुजरीला "फक्त बघायला" गेलात असं लिहिलंय त्यात तुच्छता जाणवली. साज नुसता दागिना म्हणून बघितलात का? त्यात एकवीस पानं असतात, त्यांत दशावताराची दहा आणि अष्टमंगळाची आठ अशी मोजायची पद्धत आहे. मासा, कासव, नरसिंह ओळखायला लागलं की दहा मिनिटांत मूर्तिशास्त्राचा छोटा धडा होतो. सोनं घ्यायची ऐपत नसली तरी सोनार काचेवर ठेवून दाखवतात. आम्ही मुलींना तिथे मोजायला बसवलं होतं. न्यू पॅलेसमध्ये त्याच मुली पेंढा भरलेले वाघ बघून कंटाळल्या.

खडाष्टक

एकेकाला उत्तर देतो.

चौथी सीट, उशिरा उठलो, मान्य. चार नाही, तीन वाट्या. सेक्रेटरीचा जोड मी घेतला, तेही मान्य. पार्किंगचा प्रश्न आहे. आईच्या चपलेचं मला तेव्हा माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं. सांगितलं का नाहीस?

पण मुद्दा सोडत नाही. ओंजळ, पायताण, तुम्ही म्हणता बाजार हेही शहरच. असेल. फक्त बाजार आपल्याला थांबवून घेतो, हाक मारतो, चहा देतो. किल्ला तुमच्यासाठी हाक मारत नाही, तिथे ठरवूनच थांबावं लागतं. म्हणून भिडस्त ग्रुपमध्ये दर वेळी बाजार जिंकतो. १६६०च्या जुलैत, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून, भर पावसात, महाराज ज्या बाजूनं उतरून विशाळगडाकडे गेले त्या राजदिंडीच्या तोंडाशी मला दहा मिनिटं उभं राहायचं होतं. नुसतं उभं. खाली किती झाडी आहे, रात्री काय दिसलं असेल, एवढंच. अंधारबावीच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. विहीरच, पण तीन मजली, पाण्याच्या वर माणसांना राहायला जागा आणि बाहेर पडायला चोरवाट. २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. आणि आम्ही तिथून "चटणीचं दुकान बंद होईल" म्हणून उतरलो. चटणीचं!

टाऊन हॉलच्या संग्रहालयात तर पोहोचलोच नाही. तिथे पोसायडनची पितळी रंगाची छोटी मूर्ती आहे, ब्राँझची. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातला, सापडला कुठे तर पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या उत्खननात. समुद्रापासून एवढ्या लांब, घाट ओलांडून तो इथे कसा आला असेल? मला ती मूर्ती बघायची होती. ती दादरला नाही, अथणीला नाही, सुभाषनगरलाही नाही.

पायताण

राजदिंडीचं पटलं. पोसायडनचं... खरं सांगू? तिसरीत शाळेतनं नेलेलं. बाहेरच्या बागेत डबा खाल्लेला आठवतोय, मूर्ती न्हाय.

कंदी पेढा

बघा. गावच्या माणसाचं हे, तर पाहुण्याचं काय घेऊन बसलात!

परदेशी पाऊल

न्यू जर्सीतून लिहितेय. २००९मध्ये मैत्रिणींबरोबर दोन दिवस कोल्हापूर केलं. न्यू पॅलेस पाहिला, पन्हाळा नीट पाहिला, गाईडही घेतला होता. आज त्यातलं तारखांसकट सगळं उडालंय. त्या वेळी घेतलेला जोड मात्र आहे. इथे वर्षातले चारच महिने घालता येतो. जूनमध्ये खोक्यातून काढून तेल लावते तेव्हा त्या कमावलेल्या कातड्याच्या वासानं त्या चौघी, ती रिक्षा, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून समोर धरलेला ग्लास आणि तो पिऊन एकीचं बिघडलेलं पोट, सगळं परत येतं. तेव्हा खरेदीला एवढी नावं ठेवू नका.

सुटे पैसे

पण तो जोड तुम्ही स्वतःसाठी घेतला होता, मेहुणीसाठी नाही. फरक तिथेच आहे.

गूळपोळी

गुळाचं राहिलं.

पायताण

गुळाचा रंग बघू नका, खडा तोंडात टाका. खारट लागला तर ठेवा खाली. आणि परदेशी पाऊल, जोडाला बुरशी धरली तर ओल्या फडक्यानं पुसायचा न्हाय. कोरड्या ब्रशानं झाडा, सावलीत ठेवा, मग तेलाचं बोट फिरवा.

चौथी सीट

खडाष्टक, ग्रुपवर टाकलंय, इथेही टाकते. दिवाळीनंतर परत जायचं. शनिवारी सकाळी टाऊन हॉल, तुझा तो समुद्रदेव आधी. मग सुभाषनगर, कारण आईला आता आणखी एक जोड हवाय, घरात घालायला वेगळा. रविवारी पन्हाळा. गाडी सातला सुटेल. जो खाली आला नसेल तो गूळ आणि चटणी घेऊन स्टेशनवर भेटेल. पांढरा रस्सा शनिवारी रात्री दोनच वाट्या, मी मोजणार आहे.