मदत हवी आहे: फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. धाकट्या बहिणीला लहानपणापासून फिट्स येतात. हातपाय झाडत नाही. बोलता बोलता नजर खिळते, तोंड चपचप हलतं, उजव्या हातानं ओढणीचं टोक चुरगळत राहते. मग काहीच आठवत नाही. (लोक अजून चप्पल हुंगवतात, फार वाईट वाटतं.)

फिट्सच्या गोळ्यांपैकी कार्बामाझेपिन झालं, लेव्हेटिरासेटम पूर्ण डोसमध्ये चालू आहे, तरी फिट्स थांबत नाहीत. नव्या एमआरआयमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) आक्रसलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, दोन योग्य औषधं लागू पडली नाहीत, आता ऑपरेशनचा विचार लांबवू नका. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षअखेरीस भान हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, नुसत्या औषधांवरचे ८ टक्के. हे वाचल्यापासून मला आशा वाटतेय.

आधी व्हिडिओ ईईजी (दवाखान्यात ठेवून फिटचं चित्रीकरण आणि मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद एकत्र घेतात ती तपासणी) करायचाय. मुंबईचं केईएम की त्रिवेंद्रमचं श्री चित्रा? नंबर कधी लागतो? गोळ्या कमी करून फिट येण्याची वाट बघतात, तेव्हा घरच्यांना जवळ थांबू देतात का? जनआरोग्य योजनेत काय काय बसलं? आणि ऑपरेशननंतर स्मरणशक्तीचं कसं? ती बी.एड. करतेय, तिला हीच धास्ती आहे. ऑपरेशन झालेलं कुणी तिच्याशी फोनवर बोलेल का? प्लीज मेसेज करा.