सूची नाही, दिसेल असा शंकू नाही: नागेइयाला मराठीत ‘सूचिपर्णी’ म्हणावं की ‘शंकुधारी’?

साखळीहून

मंडळी, मराठी ज्ञानकोशातला एक छोटा लेख नीट करायला घेतला आहे. झाड नागेइया वॉलिचियाना. जुन्या पुस्तकांत हेच पोडोकार्पस वॉलिचियानस म्हणून सापडतं. दक्षिण भारताच्या डोंगरांत आपसूक उगवणारं हे एकमेव कॉनिफर, म्हणजे पाइन-देवदारांच्या मोठ्या गटातलं झाड. निलगिरी, अन्नामलाई, अगस्त्यमलाई इथली सदाहरित रानं हा त्याचा मुलूख. लेखाचं पहिलं वाक्य सध्या असं आहे:

‘नागेइया हा पश्चिम घाटात आढळणारा प्रदेशनिष्ठ सूचिपर्णी वृक्ष असून त्यास जांभळी फळे येतात.’

एवढ्याशा वाक्यात तीन शब्द खटकतात: प्रदेशनिष्ठ, सूचिपर्णी आणि फळे. त्यातला सूचिपर्णी तर उघडच चुकीचा. सूची म्हणजे सुई, आणि या झाडाचं पान चांगलं रुंद, टोकाकडे निमुळतं, चिवट. उजेडाकडे धरून पाहिलं तर मधली शीर सापडतच नाही. देठापासून टोकापर्यंत बारीक बारीक शिरा शेजारी शेजारी धावतात, आणि पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. ज्याने झाड पाहिलेलं नाही तो ‘सूचिपर्णी’ वाचून देवदार डोळ्यांसमोर आणणार, आणि ज्याने पाहिलंय तो लेख तिथेच सोडून देणार.

‘शंकुधारी’ करायला गेलं तर वेगळीच पंचाईत. लाकडी खवल्यांचा तो नेहमीचा शंकू या झाडावर शोधूनही मिळत नाही. मग लिहायचं काय?

फोंड्याहून

मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी-कोंकणीत, त्यामुळे या शब्दांशी रोजची झटापट असते.

‘सूचिपर्णी’ हा शब्द आपल्याला मुळात वनस्पतिशास्त्राने दिलेलाच नाही, भूगोलाने दिला. सूचिपर्णी अरण्य, तैगा, सायबेरिया, कॅनडा, मऊ लाकूड, कागदाचे कारखाने: हे सगळं एका दमात पाठ केलेलं असतं. त्या अरण्यांपुरता शब्द चोख आहे, कारण तिथली झाडं खरोखरच सुईच्या पानांची. पण तो पानाचं वर्णन करतो, कूळ सांगत नाही. भूगोलातला शब्द उचलून वर्गीकरणात बसवला की नागेइयासारखं झाड आडवं येणारच.

शंकुधारीचं तसं नाही. लॅटिनमध्ये ‘कोनस’ म्हणजे शंकू आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहणं, धारण करणं. आपला शब्द त्यावरूनच बेतलेला. मराठी विश्वकोशात ‘शंकुमंत’ असंही रूप आहे, तेही छान आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही.

आता पंचाईतीबद्दल. वनस्पतिशास्त्रात शंकू हा आकार नव्हे, अवयव आहे. आपण भूमितीतून येतो म्हणून शंकू म्हटलं की खाली गोल आणि वर टोक, हेच डोक्यात बसतं. खरं तर देवदाराचा शंकूसुद्धा त्या मोजमापात बसत नाही, तो पिंपासारखा असतो आणि झाडावरच खवला खवला सुटून विखुरतो. मनालीहून लोक ‘लाकडी गुलाब’ म्हणून जे आणतात तो बहुधा त्या शंकूचा उरलेला शेंडा. शंकू म्हणजे मधला दांडा आणि त्यावर रचलेली, पराग किंवा बीजांडं धरणारी खवलेवजा अंगं. नागेइयाच्या नर झाडाला परागाचे शंकू व्यवस्थित येतात, लहान, झुपक्याने. मादी झाडाचा शंकू मात्र आटत आटत जवळजवळ एका बीवर आलेला आहे, म्हणून तो ओळखू येत नाही. शंकू आहे, शंकूचं रूप गेलंय.

तेव्हा माझं मत: शंकुधारी ठेवा, आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगून टाका की पान सुईसारखं नाही आणि मादी शंकू एकबीजी आहे. वाचकाला धक्का बसेल तर बसू दे.

मडगावहून

आणि याच्या नेमकं उलट उदाहरण आमच्या किनाऱ्यावर रांगेने उभं आहे. सुरू!

कोलव्यापासून कुठल्याही वेळेवर जा (वेळ म्हणजे समुद्रकिनारा, घड्याळातली नव्हे, हे गोव्याबाहेरच्यांसाठी). सुईसारखी पानं आहेत, जमिनीवर छोटे लाकडी शंकू पडलेले आहेत, वाऱ्याचा आवाजही तसाच. नाताळात फांदी कापून तिचाच ख्रिसमस ट्री करतात. आणि हे झाड शंकुधारी नाही! सुरू, म्हणजे शास्त्रीय नावाने कॅज्युअरिना, हे सरळसरळ फुलझाड, ओक आणि अक्रोड यांच्या गणातलं. ती ‘सुई’ हातात घेऊन दोन्हीकडून हलकेच ओढा, एका पेरावर टक् करून सुटते. त्या पेराशी नखाएवढीही नाहीत अशी खवल्यांची कडी दिसते. ते खवले म्हणजे खरी पानं, आणि आपण ज्याला पान म्हणतो ती हिरवी काडी. शंकू म्हणतो तोही फळांचा गुच्छ, वाळून लाकडी झालेला.

गंमत अशी की ‘सुरू’ हा शब्द मात्र खऱ्या शंकुधारीचा होता. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रस, हिंदीत त्याचं सरो, सरू झालं. नाव सायप्रसवरून सुटलं आणि दिसायला तसंच म्हणून कॅज्युअरिनाला चिकटलं.

म्हापशाहून

वाचतोय, छान चाललंय. पण शीर्षकाचं काय? ‘नागेइया वॉलिचियाना’ कोण शोधणार मराठीत? ‘सह्यदेवदार’ असं सुटसुटीत नाव देऊन टाका ना. कानाला गोड, आणि वाचकाला चटकन कळतं की सह्याद्रीतलं देवदाराच्या जातीचं झाड आहे.

साखळीहून

तेच तर कळायला नको आहे, बाब. देवदार पायनेसी कुळातला, पाइनचा भाऊबंद. हे पोडोकार्पेसी कुळातलं. दोघे शंकुधारी, पण नातं फार दूरचं. शिवाय ज्ञानकोशाने बारसं करू नये. लोकांत चालणारं नाव नोंदवणं त्याचं काम. आज आपण ‘सह्यदेवदार’ लिहिलं की उद्या कुठल्या तरी पुस्तकात ‘मराठी नाव: सह्यदेवदार’ असं छापून येईल, आणि परवा कुणी त्या पुस्तकाचा दाखला देऊन आपलाच लेख पक्का करील.

आणि देवदार या नावाचे हाल तर विचारूच नका. बंगालमध्ये ‘देबदारू’ म्हणतात ते आपल्याकडे बंगल्याच्या कुंपणाला ओळीने लावतात ते उंच सडसडीत झाड, ज्याला आपण चुकून अशोक म्हणतो. दक्षिणेकडे देवदारू म्हणून ओळखलं जाणारं एरिथ्रोझायलम तर कोकाच्या (कोकेनवाल्या, कोकोच्या नव्हे) वंशातलं झुडूपवजा झाड. आणि आपल्या सुताराच्या तोंडी ‘देवदारी’ म्हणजे खोक्याची हलकी पांढरट फळी, मग ती कुठल्याही झाडाची असो. हिमालयातला खरा देवदार यातल्या कशातच नाही. एवढ्या गर्दीत आणखी एक देवदार कशाला घुसवायचा?

तमिळमध्ये नागेइयाला नरंबली म्हणतात. ज्या भागात झाड आहे तिथलं नाव म्हणून ते लेखात घालतो आणि त्या नावाने शोधणाऱ्याला याच लेखावर आणतो.

काणकोणहून

‘प्रदेशनिष्ठ’कडे कुणाचंच लक्ष नाही, म्हणून मी शिरतो.

हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. फुलपाखरू असो, बेडूक असो, की झुडूप: पश्चिम घाटात दिसलं की लिहा प्रदेशनिष्ठ. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर बघायलाच नको. प्रदेशनिष्ठ म्हणजे त्या प्रदेशाबाहेर निसर्गतः कुठेच न सापडणारं. नागेइया वॉलिचियाना ईशान्य भारतात आहे, म्यानमारमध्ये आहे, आणि आग्नेय आशियातून थेट न्यू गिनीपर्यंत पोचलेलं आहे. त्याला प्रदेशनिष्ठ म्हणणं म्हणजे ज्याची घरं दहा गावांत आहेत त्याला एकाच वाड्याचा म्हणण्यासारखं.

मग ‘देशी’? त्यात देशाची सीमा येते. ‘स्थानिक’ चालेल, पण पंचायतीच्या बातमीचा वास येतो. आमच्याकडे तोंडात बसलेला शब्द ‘गावठी’: गावठी कोंबडी, गावठी मिरची, गावठी तांदूळ. पण गावठी म्हणजे फार तर पिढ्यान् पिढ्या इथलं, मुळात इथलं असेलच असं नाही. मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आली. काजूचं घ्या. आमच्या डोंगरांवर त्याच्याइतकं घरचं झाड दुसरं नाही, हुर्राक-फेणी त्याची, आणि झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं. लेखात मला ‘मूळचा’ सर्वांत बरा वाटतो. ‘पश्चिम घाटातही मूळचा असलेला’. त्या ‘ही’वर सगळं काम होतं.

फोंड्याहून

काणकोणकरांशी शंभर टक्के सहमत. आणि काजूचा विषय निघालाच आहे तर ‘फळे’चा निकालही तिथेच लावू.

शंकुधारी झाडांना फळ नसतं. फळ म्हणजे पिकलेला बीजांडकोश, आणि या मंडळींना बीजांडकोशच नाही. बी उघडंच, म्हणून तर ती प्रकटबीज. (हा शब्दही शंकुधारीच्या जागी चालणार नाही, कारण प्रकटबीजांत सायकस येतो, गिंको येतो, नीटमच्या वेलीही येतात.) नागेइयाचं जे जांभळं गोल दिसतं ते बी, मांसल आवरणातलं, आणि ते बसलेलं असतं फुगलेल्या मांसल देठावर. गोव्याच्या वाचकाला हे सांगायला बोंडूइतकं सोपं काही नाही: खाली फुगलेला रसाळ देठ, टोकाला बी. फरक एवढाच की काजूची बी तिच्या खऱ्या फळात बंद असते आणि नागेइयाला तसं फळच नाही. पोडोकार्पस या जुन्या नावाचा ग्रीक अर्थही ‘पाय असलेलं फळ’ असाच आहे. तो पाय म्हणजे हा देठ.

मडगावहून

तुम्ही शब्द तासत बसलात खरे, पण सामान्य वाचकाला यातलं किती हवं असतं? झाड उंच, सदाहरित, रानात असतं. झालं.

काणकोणहून

शब्दाने फरक पडतो हे निदान गोंयकाराला सांगायला नको. १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतून २०१६ साली माड वगळला, तेव्हा काय गदारोळ झाला होता ते आठवा. माड झाड आहे की नाही यावर चहाच्या गाड्यावर वाद होत होते. वनस्पतिशास्त्रवाले म्हणत, ताडकुळातला तो, त्याला खरं लाकूड नाही. भाटकार (बागायतींचे मालक) म्हणत, लाकूड गेलं चुलीत, तोडायला परवानगी लागणार की नाही तेवढं सांगा. शेवटी २०१७ मध्ये तो परत झाड झाला. व्याख्येतला एक शब्द सरकला की कुऱ्हाड कुठे पडायची ते बदलतं.

साखळीहून

बरं. सगळ्यांचं ऐकून परिच्छेद असा केला आहे. उगाच लांबवला नाही:

‘नागेइया वॉलिचियाना हा पोडोकार्पेसी कुळातला सदाहरित शंकुधारी वृक्ष आहे. तो पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही मूळचा असून दक्षिण भारतात निसर्गतः वाढणारा हा एकमेव शंकुधारी वृक्ष होय. त्याची पाने सुईसारखी नसून रुंद, समोरासमोर, मध्यशीर नसलेली व अनेक समांतर शिरांची असतात. झाडाला फुगीर, मांसल देठावर एकेक जांभळे बी येते. ईशान्य भारत, म्यानमार आणि पुढे न्यू गिनीपर्यंत याचा प्रसार आहे.’

वंशाचं नाव ‘नागी’ या जपानी नावावरून आलंय, नागाशी काही संबंध नाही. हे खाली नावांच्या भागात मुद्दाम लिहितोय, नाहीतर कुणीतरी नागपंचमीची कथा जोडेल. वॉलिचियाना हे नाथानिएल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा तो अधीक्षक होता.

फोंड्याहून

‘झाडाला बी येते’ इथे थांबा. नर आणि मादी झाडं वेगळी, मग नर झाडाला बी कुठून येणार? ‘मादी वृक्षावर’ असं करा. आणि नर शंकूचं एक वाक्य घाला, नाहीतर वर ‘शंकुधारी’ म्हणून खाली शंकूचा पत्ता नाही असं होईल.

म्हापशाहून

सह्यदेवदार मागे घेतला. पण ‘वॉलिचियाना’ की ‘वॉलिकियाना’? माणूस वॉलिक म्हणता, मग झाडाला च कशाला?

साखळीहून

मादी वृक्ष केलं, नर शंकूंचं वाक्यही घातलं. च-क बद्दल: मराठीत छापलेलं बहुतेक ठिकाणी च दिसतं, म्हणून शीर्षकात च ठेवतो. क लिहून शोधणाऱ्यालाही हाच लेख मिळेल अशी सोय करतो. सुरूच्या लेखातली ‘सूचिपर्णी’ काढायचं काम मडगावकरांनी घ्यावं, पेरावर सुटणाऱ्या काडीचा एक जवळून काढलेला फोटो तेवढा जोडावा.