लॉरा आरएसचा आफ्टरमार्केट क्लच फाटला: परत तसलाच टाकायचा की गुमान कंपनीचा?

आरएस_कोथरूड
गाडी स्कोडा लॉरा आरएस, २०११ ची, १.८ टीएसआय, सहा गिअर मॅन्युअल. कंपनीतनं १६० पीएस पॉवर आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. स्टेज १ रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केल्यावर ओरिजिनल क्लच पाचव्या गिअरला स्लिप मारायला लागला, म्हणजे २००० आरपीएमला पाय दाबला की काटा पळायचा आणि गाडी तिथंच, म्हणून आफ्टरमार्केट किट टाकलं होतं. सहा पकवाली (घर्षणाचे सहा तुकडे असलेली) सिरॅमिक प्लेट, तिला दाबून धरणारी हेवी प्रेशर प्लेट आणि डीएमएफ, म्हणजे दोन भागांचं स्प्रिंगवालं ड्युअल मास फ्लायव्हील, काढून एकसंध सिंगल मास फ्लायव्हील. परवा खंबाटकी घाट चढताना आधी खडखड आणि मग क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडेना, टो करून आणली. गिअरबॉक्स उतरवल्यावर दिसलं ते असं की प्लेटचा हब (मधला भाग) रिव्हेटच्या रांगेत फाटलाय, एक स्प्रिंग बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या खोक्याच्या) तळाशी पडलेली, पण पकला मटेरियल भरपूर शिल्लक आणि फ्लायव्हीलवर निळे डाग अजिबात नाहीत. गॅरेजवाला म्हणतो पीस खराब निघाला, तेच किट परत टाकू. माझं मत स्पष्ट आहे, सिरॅमिक हा ट्रॅकचा माल, ओरिजिनल प्लेट आणि डीएमएफ टाकायचा आणि रीमॅप खाली आणायचा. बोला.

रीमॅपराजे
अजिबात पटलं नाही. ओरिजिनल क्लच एकदा स्लिप मारून दाखवलाय ना, मग परत तोच टाकून गिअरबॉक्स उतरवायचं लेबर दुसऱ्यांदा द्यायची हौस का? क्लच किती टॉर्क धरणार हे दाब, घर्षण आणि प्लेटचा व्यास यावर ठरतं, बॅजवर नाही. सिरॅमिक नको हे मान्य, पण मधला रस्ता आहे की, फुल फेस ऑरगॅनिक (कंपनीच्या प्लेटसारख्या मऊ मटेरियलची) प्लेट आणि जरा जास्त दाबाची प्रेशर प्लेट, खाली डीएमएफ. पेडल थोडं जड होईल, बाकी गाडी माणसासारखी चालेल. रीमॅप खाली आणायचा असेल तर आरएस घेतलीच कशाला राव.

ओईएमवाला_काका
घेतली कारण चांगली आहे म्हणून, रोज कुणाची तरी रेस लावायला नाही. राजे, तुम्ही जड प्रेशर प्लेट सांगताय, संध्याकाळी नवले पुलाच्या जाममध्ये अर्धा तास हाफ क्लचवर काढून बघा डावा गुडघा काय म्हणतो ते. आणि गुडघ्याचं सोडा, प्रत्येक वेळी पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) थ्रस्ट बेअरिंगवर जातो, ते झिजलं तर क्लचच्या नादात इंजिन खोलायची पाळी. मी आरएस_कोथरूडच्या बाजूने. फक्त डीएमएफ जुना ठेवलेला असेल तर तो हाताने फिरवून बघा, प्ले जास्त असेल किंवा ग्रीस बाहेर आलं असेल तर नवाच घ्या, आणि लेथवर फेस मारून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

भोसरीचा_मिस्त्री
तुम्ही सगळे ब्रँडवर भांडताय आणि प्लेट काय सांगतेय ते कुणी वाचतच नाही. पॉवर जास्त झाली म्हणून क्लच गेला असता तर पक जळाले असते, वास आला असता, फ्लायव्हील निळं पडलं असतं. इथे मटेरियल शाबूत आणि हब फाटलाय. हब असा गोल फाटतो तेव्हा मला पहिली शंका फिटिंगची येते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन पोकळ डॉवेल असतात, ते दोन्ही एका रेषेत धरतात. गिअरबॉक्स उतरवताना एखादा पडतो, सापडत नाही, मग पोरं बोल्टवरच ओढून बसवतात. केसाएवढा फरक राहतो पण शाफ्ट एका रेषेत आणि क्रँक दुसऱ्या, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला हब थोडा वाकतो. नाहीतर दुसरा प्रकार, जॅक न लावता गिअरबॉक्स शाफ्टवर लटकता ठेवून चहाला जायचं, सगळं वजन प्लेटच्या हबवर, तो तिथंच वाकला. असल्या फिटिंगवर कंपनीची प्लेट टाका नाहीतर जर्मनीहून मागवा, फाटणारच.

रीमॅपराजे
मिस्त्री, मुद्दा भारी आहे पण सिंगल मासला इतक्या सहज सोडू नका. डीएमएफच्या आत लांब कमानीसारख्या स्प्रिंग असतात, इंजिनचे हिसके त्या खातात. तो काढला की ते सगळं काम प्लेटच्या हबमधल्या चार-सहा बारक्या स्प्रिंगांवर येतं. न्यूट्रलला सुपात दाणे घोळवल्यासारखा आवाज यायचा का? येत असेल तर स्प्रिंग आधीपासूनच मार खात होत्या.

आरएस_कोथरूड
यायचा, पहिल्या दिवसापासून. क्लच दाबला की बंद. गॅरेजवाला म्हणाला "साहेब, सिंगल मासला येतोच".

भोसरीचा_मिस्त्री
येतो, ते खरं बोलला. पण आवाज येणं वेगळं आणि हब फाटणं वेगळं. सिंगल मासवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात.

सातारा_टर्बो
मी तिसरी बाजू मांडतो. रीमॅप कमी करायचा म्हणजे गाडी मारायची असं कोण म्हणालं? क्लचला पीएस कळत नाही, त्याला फक्त टॉर्क कळतो. ३५० एनएम २००० आरपीएमला म्हणजे जेमतेम १०० पीएस, पण क्लचचा जीव तिथेच जातो. उलट २८० एनएम ५२०० ला धरून ठेवला तर २०७ पीएस होतात. ट्यूनरला सांगायचं की खालचा टॉर्क सावकाश चढव, वरचं तसंच राहू दे. ओव्हरटेकला चौथ्याऐवजी तिसरा टाकायला काय हात दुखतो का? मग ओरिजिनल क्लच आणि डीएमएफवर गाडी खुशाल चालते.

रीमॅपराजे
कागदावर छान. पण टर्बो गाडीची सगळी मजा त्या २००० वरच्या धक्क्यातच आहे, तोच काढला तर उरलं काय? वरती पळणारंच इंजिन हवं तर होंडाची जुनी व्हीटेक घ्या की.

ओईएमवाला_काका
धक्क्याची मजा आणि टो व्हॅनची मजा एकाच बिलात येते हो.

आरएस_कोथरूड
मिस्त्री, गॅरेजला फोन केला, डॉवेल बघितले का विचारलं. उत्तर: "असतील ना तिथंच, कुठं जातायत." सातारा_टर्बोचं पटतंय, ओरिजिनल किट आणि नवा डीएमएफ हे नक्की, ट्यूनरशी बोलतो.

भोसरीचा_मिस्त्री
फोनवर नको, टॉर्च घेऊन स्वतः जा. दोन्ही डॉवेल बोटाने चाचपून बघ, एक जरी नसला तर फोटो काढ आणि लेबरचा विषय तिथंच काढ. गिअरबॉक्स खाली आहे तर क्रँकचं मागचं सील आणि रिलीज बेअरिंग नवंच टाक, फ्लायव्हीलचे बोल्ट पण नवे, ते एकदाच ताणायचे असतात. शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) ग्रीस नावापुरतं, जास्त झालं की उडून प्लेटवर जातं. पहिले सातआठशे किलोमीटर गावातच फिरव, खंबाटकी नंतर.

रीमॅपराजे
टाका ओरिजिनल. पाचव्या गिअरला परत काटा पळाला की याच धाग्यावर या, ऑरगॅनिक किटचा पार्ट नंबर काढून ठेवतो.